काळी तीन आणि मातीचा गंध

दिवाळीला पुण्याच्या मावसभावाचा फोन आला, तेव्हा त्याने तावातावाने सांगितले, की एका मराठी चित्रपटाची गाणी अमराठी संगीतकाराला दिल्यावरून त्यांच्या मित्रमंडळात वाद पेटला आणि ‘बाहेरच्याला आपल्या मातीचा गंध कसा कळणार?’ या प्रश्नापाशी येऊन बहुतेकांचे एकमत झाले. तो प्रश्न अजून मला सलतो आहे.

इथे न्यू जर्सीत हॅलोविनचे भोपळे उचलले जाताच दुकानादुकानांत ‘व्हाइट ख्रिसमस’ वाजू लागते. १९४२च्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटातून गाजलेल्या त्या गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही आयर्विंग बर्लिनची. रशियन साम्राज्यातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा १८९३ साली, पाच वर्षांचा असताना, न्यूयॉर्कला आला. वडील लवकर गेले आणि पुढे चायनाटाउनमधल्या एका कॅफेत गाणी म्हणत वाढप्याचे काम करून त्याने पोट भरले. त्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. आपले पेटीवाले जिला काळी तीन म्हणतील त्याच पट्टीत तो वाजवी आणि पट्टी बदलायची झाल्यास पियानोला खास बसवलेला दांडा सरकवी. १९२८ साली ऐन नाताळच्या दिवशी त्याचा तान्हा मुलगा दगावला होता. त्या गाण्यात सण साजरा होत नाही, तो दुरून आठवला जातो. अशी ओढ बाहेरच्यालाच अधिक नेमकी सापडते, असे मला मनापासून वाटते.

हे सगळे मी भावाला ऐकवले आणि ‘मी डोलकर’ला बंगाली हेमंतकुमारांचा आवाज चालतो ना, असेही विचारले. अमेरिकेत माणसाचे काम पाहतात, मूळ गाव विचारत नाहीत, असे मी जोरात म्हणालो खरा. पण बर्लिनचेच ‘गॉड ब्लेस अमेरिका’ घरोघरी पोचले तेव्हा, १९४० साली, ते एका स्थलांतरित ज्यूने लिहिले म्हणून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेने त्यावर बहिष्काराची हाक दिली होती, हे मला ठाऊक असूनही मी सांगितले नाही.

“तुला काय कळणार, तू आता तिकडचाच,” भाऊ म्हणाला. त्यावर मला उत्तर सुचले नाही, कारण इतका वेळ मी बर्लिनच्या आडून स्वतःचीच बाजू मांडत होतो.

उन्हाळ्यात यांकी स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्यात सातव्या इनिंगला ‘गॉड ब्लेस अमेरिका’ लागले. सगळ्यांबरोबर मीही टोपी काढून उभा राहिलो. शेजारी माझी मुलगी खणखणीत आवाजात गात होती. मला शब्द पाठ आहेत. ओठ हलले, आवाज फुटला नाही.