टाकीचं टोक नको, कुंपणापर्यंतचं अंतर मोजा

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला नाशिकच्या पाच वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. थोडक्यात असा: "नाशिककरांनो, जागे व्हा! २४ मीटरची परवानगी घेऊन ३१ मीटरच्या इमारती उभ्या राहतायत. उंची म्हणजे रस्त्यापासून टाकीच्या टोकापर्यंत, एवढं शाळकरी पोरालाही कळतं. पैसे भरले की कितीही मजले चढवता येतात, रस्त्याची रुंदी कुणी बघत नाही. एका इमारतीला तर ६४० मीटरची एनओसी मिळाली आहे. बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे, विचार करा!"

मी मंजुरीचे नकाशे काढतो, वर्षानुवर्षं तेच काम. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. खिडकीतलं ऊन गेलं की माणूस चिडणारच. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि या चुकीपायी खऱ्या तक्रारी वाया जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"उंची म्हणजे टाकीच्या टोकापर्यंत."

नाही. डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात सपाट छताच्या इमारतीची उंची शेवटच्या राहत्या मजल्याच्या गच्चीपर्यंत धरतात. पाण्याची टाकी आणि तिचा आधार, लिफ्टची खोली, जिन्यावरचं छप्पर, गच्चीचा ठरावीक उंचीपर्यंतचा कठडा, सौर पॅनेल हे उंचीत येत नाही. ही पळवाट नाही. उंची मर्यादित ठेवायची ती राहणाऱ्यांची संख्या, शेजाऱ्याचा उजेड आणि आगीच्या वेळची सुटका यांसाठी. टाकीत कुणी राहत नाही.

आता हिशेब बघा. गच्ची २४ मीटरवर, त्यावर जिन्याची आणि लिफ्टची खोली साडेचार मीटर, तिच्यावर टाकी अडीच मीटर. झाले ३१. मजकुरातला आकडा बहुधा असाच आला असणार, आणि तो बेकायदा नाही.

उंचीचा संशयच असेल तर जिना चढा. एका मजल्याच्या पायऱ्या मोजा, एका पायरीची उंची टेपने घ्या. अठरा पायऱ्या आणि प्रत्येकी १६ सेंटिमीटर म्हणजे मजला २.८८ मीटरचा. हे मजल्यामजल्याने लिहीत गच्चीपर्यंत जा आणि मंजूर नकाशातल्या छेदाशी, म्हणजे इमारतीच्या उभ्या कापाच्या चित्राशी, ताडून बघा. खालून मोबाइलने फोटो काढून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं.

"रस्त्यापासून मोजा."

हेही नाही. मोजायचं ते इमारतीला लागून सभोवती असलेल्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून. आपल्या गावाला हे कळायला सगळ्यात सोपं जायला हवं. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक, अशी एक व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो. जुन्या गावात घराचं पुढचं दार एका पातळीवर आणि मागचं एक मजला खाली, असे कितीतरी वाडे आहेत. अशा जागी रस्ता धरून मोजलं तर एकच इमारत पुढून सात मजली आणि मागून आठ मजली ठरेल.

गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण पाणी किती मीटर आहे ते विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, असं विचारतो. मारुती हलत नाही म्हणून त्या मापाला अर्थ आहे. इमारतीचं मापही तसंच आहे: कुठून मोजलं ते आधी सांगितलं नाही तर आकडा पोकळ. नदीकाठी तर हे जास्तच जपावं लागतं. निळ्या आणि लाल पूररेषेच्या (लाल म्हणजे अधिक मोठ्या पुराची) मधल्या पट्ट्यात परवानगी मिळते ती जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवण्याच्या अटीवर. मग त्या इमारती आजूबाजूच्या घरांहून चढलेल्या दिसतात. त्याला चोरी म्हणायचं कसं?

"पैसे भरले की कितीही मजले, रस्ता कुणी बघत नाही."

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर.

नियमावली सहसा मजले मोजत नाही. किती बांधायचं हे आधी एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, ठरवतो, आणि एफएसआय रस्त्याची रुंदी बघूनच मिळतो. गावठाणाबाहेरच्या राहत्या भागात मूळ एफएसआय १.१. समोरचा रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर तिथेच थांबा: ना प्रीमियम (सरकारला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय), ना टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क). ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर ०.५ प्रीमियम आणि ०.४ टीडीआर धरून २ पर्यंत जाता येतं. पुढे रस्ता रुंद होईल तसा टीडीआरचा वाटा वाढतो आणि ३० मीटर किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर एकूण ३ होतात. यावर राहत्या बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय मिळतो, तोही पैसे भरून. पैशाने काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही. आधीपेक्षा पुष्कळ जास्त मिळतं, आणि आपल्या पाणीपुरवठ्याला, ड्रेनेजला ते झेपेल का ही काळजी मलाही आहे. पण "कितीही" मिळत नाही.

दुसरा लगाम सामासिक अंतराचा, म्हणजे आपण ज्याला साइड मार्जिन म्हणतो त्याचा. १५ मीटरच्या वर गेलं की बाजूला आणि मागे उंचीचा पाचवा भाग मोकळा सोडावा लागतो. (१५ मीटरपर्यंतच्या इमारतीला ठरावीक अंतरं आहेत आणि तिथे पार्किंगचा मजला ६ मीटरपर्यंत उंचीतून वगळतात.) समजा प्लॉट २० मीटर रुंद आहे. ३० मीटर उंच जायचं तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर सोडा. मधे आठ उरले. ४० मीटर जायचं तर आठ-आठ सोडा, उरले चार. त्यात जिना आणि लिफ्ट बसवल्यावर घर कुठे काढणार? माझ्या टेबलावर किती बिल्डरांचे वरचे दोन मजले या पाचव्या भागाने खाल्ले आहेत, ते मी बघितलं आहे. २४ मीटरच्या वर तर इमारत विशेष धरली जाते आणि आगीच्या बंबासाठी मोकळ्या जागेच्या अटी आणखी कडक होतात.

"६४० मीटरची एनओसी."

हा आकडा खरा असू शकतो, पण तो इमारतीच्या उंचीचा नाही. विमानवाहतुकीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे दिलेल्या दाखल्यात उंची समुद्रसपाटीपासून लिहितात. नाशिक स्वतःच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. प्लॉटची पातळी ५९० असेल तर ६४० चा अर्थ ५० मीटर. ओझरची हिंदुस्थान एरोनॉटिक्सची धावपट्टी आणि गांधीनगरची लष्कराची धावपट्टी यांमुळे शहराच्या मोठ्या भागाला हा विषय लागू पडतो. आणि इथे मात्र टाकी, लिफ्टची खोली, अँटेना सगळं धरतात, कारण विमानाला टोकाशीच मतलब. टोकापर्यंत मोजायचा आग्रह धरायचाच असेल तर तो इथे धरा.

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. आमच्या मागच्या सोसायटीत एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. शेजारी इमारत झाली आणि त्यांच्या देवघरातलं सकाळचं ऊन गेलं. त्यांनी हाच मजकूर वाचून "उंची ३१ मीटर आहे" असा अर्ज दिला. तो फेटाळला गेला. कागद घेऊन माझ्याकडे आले. मी विचारलं, "काका, टाकी धरून मोजलंत का?" ते म्हणाले, "मग काय रे, टाकी काय हवेत तरंगते?"

माहितीच्या अधिकारात त्यांनी मंजूर नकाशा काढला होता, पण उघडून नीट पाहिला नव्हता. जेवणाच्या टेबलावर तो पसरला. उंची नकाशाप्रमाणेच होती. बाजूच्या अंतरापुढे लिहिलं होतं ४.८० मीटर, बरोबर २४ चा पाचवा भाग. संध्याकाळी आम्ही दोघं पोलादी टेप घेऊन गेलो. एक टोक काकांनी कुंपणाच्या भिंतीला धरलं, दुसरं मी इमारतीच्या भिंतीला. ४.३५. पुढे जाऊन परत मोजलं. ४.३६. मागच्या कोपऱ्यात ४.३३. जवळजवळ दीड फूट जागा सबंध लांबीभर गिळली होती, आणि पहिल्या अर्जात तिचा एक शब्दही नव्हता. दरम्यान चार महिने गेले आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रही मिळालं.

दुसरा अर्ज आम्ही फक्त त्या अंतरावर दिला आहे: तीन मापं, जागा दाखवणारं रेखाचित्र, टेपचे फोटो, नकाशाची प्रत. सुनावणी व्हायची आहे. तुमच्या शेजारी असं काही असेल तर आधी मंजूर नकाशा मिळवा. प्रकल्प महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर मंजुरीचे कागद तिथेही सापडतात. मग रविवारी सकाळी मला हाक मारा. टेप माझ्याकडे आहे, पण धरायला दुसरा माणूस लागतो.