टीपीआर चार्टवरचा 20

जनरल वॉर्डातला कुठलाही टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) उघडा आणि श्वासाचा रकाना बघा. ताप बदलतो, नाडी बदलते, श्वास मात्र तीन-तीन दिवस मिनिटाला 20. न्यूमोनियाच्या पेशंटचाही 20 आणि हर्नियाच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्याचाही 20. न मोजता लिहिलेला हा आकडा खोटी नोंद आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळेच लिहितात म्हणून ती खरी होत नाही.

पेशंट बिघडू लागला की बहुतेक वेळा आधी श्वास वाढतो, बीपी पडतं ते बरंच नंतर. "ऑक्सिमीटर लावलाय ना" हे उत्तर पुरत नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, टिकवायला शरीराला किती कष्ट पडताहेत, ते त्यात दिसत नाही. शुगर वाढून कीटोअ‍ॅसिडोसिस झालेल्या (रक्तात आम्ल साचलेल्या) पेशंटचं सॅच्युरेशन 98 असू शकतं आणि तो खोल, भराभर श्वास घेत असतो. उलट मॉर्फिन या श्वास मंदावणाऱ्या वेदनाशामकानंतर ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास 8 वर आला तरी सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसतं.

प्रौढांचा श्वास 12 ते 20 ठीक. पेशंट किती बिघडतोय हे गुणांनी मोजणाऱ्या न्यूज-2 पद्धतीत 21 ते 24 ला 2 गुण, 25 च्या वर किंवा 8 च्या खाली गेला की 3 (25 आणि 8 धरून), आणि एकाच बाबीत 3 गुण आले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. मुलांचं वेगळं: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा 60, वर्षाच्या आतल्याचा 50, पाच वर्षांच्या आतल्याचा 40 किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास. रडणाऱ्या बाळाचा मोजू नये, आईच्या मांडीवर शांत झाल्यावर मोजावा.

मोजताना नाडी झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर फक्त छाती-पोटाकडे वळवायची. "आता श्वास मोजते" म्हटलं की माणसाचा श्वास आपोआप बदलतो. पण न सांगता काही करायचं नाही, म्हणून सुरुवातीलाच "आजी, तुमची नाडी, श्वास, बीपी सगळं बघते हं" एवढं सांगावं. पांघरूण जाड असेल तर पडदा ओढून थोडं खाली घ्यावं.

एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असताना प्रत्येकाला पूर्ण मिनिट कुठून आणायचं? प्रश्न खरा आहे आणि त्याची जबाबदारी पदं न भरणाऱ्यांची आहे. तोवर, पेशंट स्थिर आणि श्वास नियमित असेल तर 30 सेकंद मोजून दुप्पट चालेल. लहान मुलं, ताजं ऑपरेशन, ऑक्सिजनवरचे, मॉर्फिन दिलेले आणि अनियमित श्वासाचे, यांना मात्र पूर्ण मिनिट द्यायलाच हवं.

"श्वासाला त्रास होतोय का?" विचारलं की "नाही, बरंय" हेच ऐकू येतं, सिस्टरला कशाला त्रास द्यायचा म्हणून. त्यापेक्षा "काका, रात्री किती उशा लागल्या? संडासला जाऊन येताना थांबावं लागलं का?" असं विचारा. उत्तर देताना वाक्य मध्येच तुटतंय का, तेही बघा.

डॉक्टरांना फोनवर "पेशंट बरा वाटत नाही" एवढंच सांगितलं तर "बघतो" म्हणून फोन ठेवला जातो. "सकाळी श्वास 18, आता 28. नाडी 118, बीपी 100/60, सॅच्युरेशन 95, चार तासांत लघवी 60 मिली. आत्ता येऊन बघा" असं सांगा. फोनची वेळ आणि मिळालेलं उत्तर नोंदवा. तोच आकडा ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी सोपवताना, पुढच्या स्टाफलाही सांगा.

आणि मोजायला जमलंच नाही, तर रकाना रिकामा ठेवून कारण लिहा. चुकीचं लिहिलं गेलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, वेळ आणि सही. व्हाइटनर नको, गिरवणं नको.