लाल निकाल पाहण्याआधी बाळाचं करेक्टेड वय बघा

नमस्कार ताई,

१० महिन्यांच्या बाळाच्या विकासाची आमच्या अ‍ॅपवर तपासणी केली, हालचाल आणि बोटांची कामं दोन्हींत लाल निकाल आला, डॉक्टर मात्र म्हणाले बाळ ठीक आहे. मग अ‍ॅप थेरपी खपवायलाच काढलंय का, असं तुम्ही विचारलंय. असा निकाल घरातल्या सगळ्यांची झोप उडवतो. राग येणारच.

बाळ ३२ व्या आठवड्यात झालं, हे तुम्हीच इथे लिहिलंय, म्हणून तेवढ्यावरच बोलतो. पूर्ण दिवसांचे ४० आठवडे. बाळ ८ आठवडे लवकर आलं, म्हणजे विकास बघताना वयातून हे साधारण २ महिने वजा करून त्याला ८ महिन्यांचे प्रश्न विचारायचे. यालाच करेक्टेड वय म्हणतात. ही वजाबाकी २ वर्षांपर्यंत करायची. दहाव्या महिन्याला आधार धरून उभं राहणं, चिमटीत दाणा उचलणं विचारतात. आठव्याला आधाराशिवाय बसणं, खुळखुळा या हातातून त्या हातात घेणं. फरक केवढा आहे बघा!

अ‍ॅपमध्ये जन्मतारखेखाली आठवड्यांचा रकाना आहे. आकडा डिस्चार्ज कार्डावरूनच घ्या. ‘आठव्या महिन्यात झालं’ या घरच्या हिशोबात दोन-तीन आठवडे सहज इकडेतिकडे होतात. मग बाळाच्या पानावर करेक्टेड वय ८ महिने दिसतंय ना, ते तपासा आणि प्रश्न पुन्हा सोडवा.

उत्तरं आठवणीवर देऊ नका, करून बघा. बाळ भुकेलं किंवा पेंगुळलेलं नको. मांडीवर घ्या, समोर ताटात एक मुरमुरा ठेवा. पंजाने ओढतं, की अंगठा आणि बोटात धरतं? तोंडात जायच्या आत काढून घ्या, घशात अडकू शकतो. दिवसभर कडेवर, झोळीत किंवा वॉकरमध्ये असलेल्या बाळाला हे करायला वावच मिळत नाही, आणि आई ‘अजून नाही’ निवडते. रोज सतरंजीवर मोकळं सोडा, वॉकर बंद करा, दोन आठवड्यांनी परत बघा.

लाल म्हणजे निदान नव्हे. नीट तपासून घ्या, एवढंच. नुसत्या लाल निकालावर कोणी थेरपीचं पॅकेज घ्यायला सांगितलं, अगदी आमच्या नाशिकच्या केंद्रानेही, तर घेऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे, अंगणवाडीत विचारा. आणि लवकर जन्मलेल्या बाळाच्या कानांची तपासणी राहिली असेल, तर ती आधी करा.

करेक्टेड ९ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नसेल, प्रत्येक वस्तूला एकच हात पुढे करत असेल, किंवा येत असलेली गोष्ट करेनासं झालं, तर मात्र अ‍ॅपवर हिरवा निकाल असला तरी थांबू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.