‘थोडे पैसे टाका, कटकट मिटेल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘कर्जवसुलीचा फोन आला तर वाद घालू नका. समोरच्याकडे तुमची पूर्ण माहिती असेल तर तो बँकेचाच माणूस समजा. दोन-पाच हजार भरा, फोन बंद होतात. न भरल्यास 420 खाली अटक होते, सिबिल कायमचं जातं. ॲपचं कर्ज असेल तर ॲप उडवा, सिम बदला. आपल्या माणसांना पुढे पाठवा.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण खोट्या वसुलीवाल्याला जे हवं असतं, नेमकं तेच हा मेसेज घाबरलेल्या माणसाकडून करून घेतो. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

‘माहिती असेल तर बँकेचाच माणूस.’ अजिबात नाही. तुमचं नाव, पॅन, जन्मतारीख, जुन्या कर्जाची रक्कम हे सगळं आज बाजारात विकलं जातं. कर्ज देणारी काही ॲप्स फोनमधली अख्खी नंबरांची यादी उचलून नेतात, ती तर वेगळीच. 2020 च्या अखेरीस तेलंगणात या ॲपवाल्यांच्या छळापायी माणसांनी जीव दिले, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. आता नियमाप्रमाणे डिजिटल कर्जाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावता येत नाही. वसुली एजंटकडे दिली तर त्याचा फोन येण्याआधी कर्ज देणाऱ्या संस्थेने त्याचं नाव तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं असतं. तेव्हा तुमच्याबद्दल त्याला काय माहीत आहे, याने काहीच ठरत नाही. त्याने स्वतःबद्दल काय दाखवावं ते मागा: कर्ज खात्याचा क्रमांक, संस्थेचं नाव, तिचं अधिकारपत्र, ओळखपत्र. मग फोन ठेवा आणि पासबुकावर किंवा कर्जाच्या करारावर छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावून विचारा. एजंटने दिलेल्या नंबरावर नाही, आणि गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’च्या नंबरावर तर मुळीच नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डासाठी कुठल्यातरी अनोळखी कंपनीचा फोन येतो, तेव्हा गोंधळ जास्त होतो. बँका थकीत कर्जं खरोखर दुसऱ्या कंपन्यांना विकतात, त्यामुळे फोन खराही असू शकतो. पण कर्ज विकत घेतलं असेल तर त्या हस्तांतरणाचा कागद असतोच. तो लेखी मागा. खरी कंपनी पाठवते. ठग आवाज चढवतो.

‘दोन-पाच हजार भरा, फोन बंद होतात.’ या सगळ्या मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हे. पहिली रक्कम गेली की ‘हा माणूस घाबरतो’ एवढीच नोंद होते. सात दिवसांच्या ॲप-कर्जाचा प्रकार असा: पाच हजार मंजूर, हातात पडतात तीन, आठवड्याने मागणी पुन्हा पाच हजारांची. भरले की ‘लेट फी’ निघते, ती भरली की ‘क्लोजिंग चार्ज’ निघतो. पावती कधीच मिळत नाही. पावती म्हणून एखादी एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली तर तिला हातही लावू नका; ती उघडून ॲप बसवलं की फोन त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो.

पैसे कुठे जातात हेही बघा. डिजिटल कर्जाचा हप्ता थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या खात्यात जायला हवा, मधल्या कुणाच्या नाही. यूपीआयवर पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे एखाद्या ‘एंटरप्रायझेस’चं किंवा कुणा व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा.

कर्ज खरं असेल तरी ‘थोडे भरून टाका’ हा सल्ला आंधळेपणाने घेऊ नये. साध्या विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं असते. ती संपायच्या आत तुमच्या सहीची लेखी कबुली गेली, किंवा काही रक्कम भरून तशी सहीनिशी नोंद झाली, तर ही 3 वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मुदत उलटून गेल्यावरही सहीने लेखी वचन दिलंत तर ते बंधनकारक होऊ शकतं. म्हणून जुन्या कर्जाच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे वकील मोफत मिळतो.

‘420 खाली अटक.’ फोनवरची वाक्यं तर ठरलेली: ‘सर, आपके घर के लिए पुलिस की गाडी निकल चुकी है. दस मिनट में पेमेंट करो, नहीं तो मैं रोक नहीं पाऊंगा.’ निव्वळ हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. पण याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. चेक वटला नाही किंवा खात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता परत गेला, तर फौजदारी खटला होऊ शकतो. चेकच्या बाबतीत आधी लेखी नोटीस येते, पैसे द्यायला 15 दिवस मिळतात, नंतर प्रकरण कोर्टात जातं. तशी नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. कर्ज घेतानाच खोटी कागदपत्रं दिली असतील तर फसवणुकीचा गुन्हा लागू शकतो. दहा मिनिटांची मुदत मात्र यातल्या कशातच नसते.

व्हॉट्सॲपवर आलेली अशी एक नोटीस मी नीट पाहिली आहे. वर राजमुद्रा, मध्ये ‘अजामीनपात्र वॉरंट’, कलमं 420 आणि 406, गोल शिक्का, आणि सहीच्या जागी पेमेंटचा क्यूआर कोड! कर्ज मात्र 2025 मधलं. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यानंतरच्या फसवणुकीला 420 नाही, 318 कलम लागतं. कोर्टात खरंच प्रकरण असेल तर त्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर तो कुणालाही तपासता येतो. लोकअदालतीच्या नावानेही कागद येतात. लोकअदालतीत तडजोड दोघांच्या संमतीनेच होते; तिथून अटक होत नाही.

‘सिबिल कायमचं जातं.’ खऱ्या थकबाकीने स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) पडतो, नियमित भरत गेलं की काही काळाने सावरतो. खोट्या वसुलीवाल्याचा तर त्या नोंदींशी संबंधच नसतो. उलट या नोंदींचा अहवालच तुमच्या कामाचा आहे. अशा नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तुमच्या नावावर कोणती कर्जं आहेत ते त्यात दिसेल. न घेतलेलं कर्ज दिसलं तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

‘ॲप उडवा, सिम बदला.’ आधी पुरावा गोळा करा: धमक्यांचे स्क्रीनशॉट, कॉलच्या वेळा, यूपीआयच्या नोंदी, ॲपचं नाव. मग ॲपच्या परवानग्या बंद करा आणि ॲप काढा. नंबर बदलून छळ थांबत नाही, कारण तुमच्या मामाचा, शेजाऱ्याचा, ऑफिसातल्या साहेबांचा नंबर त्यांच्याकडे गेलेला असतो. त्या सगळ्यांना ‘असे फोन येऊ शकतात’ असा एक मेसेज तुम्हीच आधी पाठवा, लाज बाळगू नका. आणि असा फोन ज्यांना येतो त्यांनी लक्षात ठेवावं: ‘रेफरन्स’ म्हणून नाव असणं म्हणजे जामीनदार असणं नव्हे. सही नसेल तर एक रुपयाही लागत नाही.

एजंट खरा असला तरी त्याला मोकळं रान नाही. 12 ऑगस्ट 2022 ला रिझर्व्ह बँकेने बजावलं आहे: सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन नाहीत, शिवीगाळ नाही, नातेवाइकांत बदनामी नाही. मोडलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पैसे ठगाकडे गेले असतील तर मात्र 30 दिवस थांबू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा आणि आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवले गेले, तरच परत मिळण्याची आशा असते.