बाबा रोज साडेबाराला पडतात

बाबा निंबाच्या झाडावरून पडले हे मला अकरा दिवसांनी कळलं. तेही कारंज्याची मावशी बोलता बोलता "आता तुह्या बाबाचा खांदा कसा हाये?" असं विचारून गेली म्हणून. लगेच बाबांना फोन लावला.

"पडलो कुठं? घसरलो जरासा."

"किती उंचावरून?"

"दुसऱ्या फांदीवरून."

वय 76. बकरीला पाला पाहिजे होता. आईला विचारलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तू कायले जिवाले घोर लावून घेतं? लागलं असतं त सांगतलं असतं." आता खांदा हलत नव्हता हे 'लागलं' यात का बसत नाही, हा प्रश्न मी गिळला आणि त्याच रात्री पुण्यात बसून आईबाबांसाठी संकटात दाबायचं बटण शोधायला घेतलं.

परदेशात हा प्रकार जुना. घरी लँडलाइनला जोडलेला एक डबा, म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात लॉकेट. लॉकेट दाबलं की डबा फोन लावतो आणि पलीकडे चोवीस तास कोणीतरी बसलेलं असतं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरीही लँडलाइन होती. तिच्या तारेवर आता आई लुगडी वाळत घालते.

मग सिमवाली लॉकेटं पाहिली. स्वस्त होतं ते फक्त 2जीवर चालणारं. आमच्या गावात ज्या कंपनीची रेंज येते तिच्याकडे 2जी नाही, आणि जिच्याकडे आहे तिची रेंज घ्यायला टाकीवर चढावं लागतं. बाबा चढतील, प्रश्न तो नाही. हातातलं घड्याळही पाहिलं. पण त्याला रोज चार्जिंग पाहिजे, आणि लाइन आली की बाबा आधी मोटर सुरू करायला पळतात. एका सेवेवाल्या माणसाने मला फोनवर पंचवीस मिनिटं धीर दिला, तुमचे आईवडील ते आमचेच आईवडील म्हणाला, शेवटी पिनकोड विचारला आणि त्याचे आईवडील एकदम कमी झाले.

मध्येच कळलं की बटण तर बाबांच्या खिशातच आहे. 1 जानेवारी 2017 पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये ही सोय असावी असा नियम आहे. बटणवाल्या साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरलं की मदतीचा फोन लागतो, 112 ला. बाबांच्या फोनचं 5 आत गेलेलं आहे. 9 माझ्या मुलाने रांगायच्या वयात खाल्लं.

शेवटी साडेतीन हजारांचं, 4जीवालं, पडल्यावर आपोआप ओळखणारं लॉकेट घेतलं आणि दिवाळीत गावी नेलं.

"हे गळ्यात घालू? मी काय गोऱ्हा होय का?"

आंघोळीलाही काढायचं नाही, म्हातारी माणसं न्हाणीतच जास्त घसरतात, हे समजावलं. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी याला काही होत नाही, हेही सांगितलं. बाबा म्हणाले, "मी काय इहिरीत बसून रायतो?" किंमत साडेतीनशे सांगितली होती. माझ्या मुलाने खरी सांगितली. संध्याकाळी लॉकेट दिसेना. बाबांनी ते पन्नीत गुंडाळून आलमारीत, सातबाऱ्याच्या फाईलखाली ठेवून कुलूप लावलं होतं. "हरवलं त?"

खरा घोळ पुढेच होता. त्यात तीन नंबर टाकायचे असतात. पहिला माझा, म्हणजे ट्रॅव्हल्सची एक अख्खी रात्र. दुसरा कारंज्याच्या मावशीचा, जी बातमी ऐकून आधी रडते, मग कोण पडलं ते विचारते. तिसरा पाहिजे जवळच्या माणसाचा, जो दोन मिनिटांत पोचेल. असा माणूस एकच. पलीकडच्या घरचे काका. त्यांचं नि बाबांचं अकरा वर्षांपासून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलणं बंद आहे. दीड फूट धुरा. त्याची मोजणी दोनदा झाली आणि दोन्हीवेळा दोघंही हरले.

"त्याचा नंबर टाकला त मी मरीन, पण बटण दाबनार नाही."

मी काकांचा नंबर टाकला आणि बाबांना सांगितलं, हा सरकारी दवाखान्याचा आहे.

पुण्याला परतलो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला फोन वाजला. पडण्याची सूचना. बाबांना लावला, उचलेनात. आईचा फोन चुलीजवळ वाजत असणार. सोबत आलेला नकाशा उघडला तर बाबा काकांच्या तुरीत! टिनाखाली यंत्राला उपग्रह सापडत नाही, मग ते टॉवरवरून अंदाज बांधतं, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की बाबा धुरा ओलांडून पडलेत, म्हणजे नक्की मारामारी.

इकडे काकांनाही फोन गेला होता. ते चार माणसं आणि एक बाज घेऊन आमच्या पऱ्हाटीतून धावत आले. बाबा ओसरीत बाजेवर घोरत होते.

झालं होतं असं. हे यंत्र पडणं ओळखतं ते तीन खुणांवरून: माणूस वेगाने खाली येतो, धक्का बसतो, आणि मग हालचाल थांबते. बाबा सकाळपासून वावरात राबून येतात, भाकर खातात, बाजेवर धप्पकन अंग टाकतात आणि पुढच्या मिनिटाला मेल्यासारखे झोपतात. यंत्राच्या हिशेबाने हे पडणंच. रोजचं.

"जित्ता हायेस का?" काकांनी विचारलं. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

बाबा उठून बसले, चार माणसं पाहिली, बाज पाहिली. "तू काऊन आला? आन पऱ्हाटीतून काऊन आला? बोंडं पाडले ना सारे!"

तिथून पुढे अर्धा तास भांडण झालं. आई म्हणते, दोघांचाही चेहरा असा खुलला होता की तिने मध्येच चहा ठेवला.

मी पडणं ओळखायची सोय बंद केली. फक्त बटण ठेवलं. ते आईला आवडलं. ती रोज एकला ते दाबते आणि लॉकेटमधून मला विचारते, "बाबू, जेवला का?" तिचं म्हणणं, फोनमधले पैसे जातात, याचे जात नाहीत. त्यामुळे रोज एकला मावशी आणि काकांनाही 'मदत हवी' असा मेसेज जातो. मावशीने रडणं सोडलं आहे. काका म्हणतात, चला, तिकडचं जेवण झालं.

बाबांनी मात्र ते एकदाही दाबलं नाही. पायात काटा मोडला तेव्हा नाही, ताप आला तेव्हा नाही, गाईने लाथ मारली तेव्हाही नाही. "त्यात काय दाबाचं?"

मग मार्गशीर्षात एका पहाटे चारला फोन वाजला. आईचं बटण चारला वाजत नाही. माझे हात कापायला लागले. उचलला.

"बाबा? काय झालं? कुठं आहात? आई कुठंय?"

"झोपली हाये."

"तुम्हाला काय होतंय?"

"मले काय होते? ह्याची बत्ती लाल झाली ना बे. लाइन सकाळी येनार हाये, नवाले. मले वाटलं, तोवर हे काई टिकत नाही. म्हनून दाबलं."