लॅनच्या वायरीवरचे फोन आणि मामांना आलेला फॉरवर्ड

“ऑफिसातले टेबलफोन लॅनच्या वायरीवर चालवू नका. त्यात कायम 48 व्होल्ट असतात. चुकून लॅपटॉप जोडला तर जळणार, हात लागला तर शॉक, वायर तापून आग, बिल दुप्पट. प्रत्येक फोनला वेगळा अडॅप्टर लावा.” हा फॉरवर्ड खानापूरला मामांच्या पतसंस्थेत पोचला आणि त्यांनी चांगले चालणारे आठ फोन अडॅप्टरवर घेतले. मी बेळगावात नेटवर्कचंच काम करतो. संताप आला, म्हणून लिहितोय.

लॅपटॉप जळण्याचं आधी, कारण मामा घाबरले ते त्यालाच. पीओई स्विच, म्हणजे लॅनच्या (ऑफिसातल्या नेटवर्कच्या) वायरीतूनच फोनला वीजही देणारा नेटवर्कचा डबा, पोर्टवर उगाच 48 व्होल्ट सोडत नाही. आधी तो जेमतेम दहा व्होल्टपर्यंतचा दाब देऊन चाचपतो: पलीकडे 25 किलोओहमचा रोध आहे का? लॅनवरून वीज घेणाऱ्या यंत्रात तो मुद्दाम बसवलेला असतो. लॅपटॉपमध्ये नसतो, म्हणून वीज सुटतच नाही. फोन काढला की अर्ध्या सेकंदात ती बंद होते. हे मी मनाचं सांगत नाही, आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 2003 सालच्या 802.3एएफ मानकात तसा नियमच आहे. शनिवारी मामांसमोर फोनची केबल काढून माझ्याच लॅपटॉपला लावली. लॅपटॉपवर नेट आलं, स्विचवरचा पीओईचा दिवा विझलेलाच राहिला. केबल परत फोनला लावली, तेव्हा कुठे दिवा पेटला.

शॉकचं म्हणाल तर जुन्या लँडलाइनच्या तारेतही साधारण 48 व्होल्ट डीसीच असायचे, आणि रिंग वाजताना त्याहून जास्त एसी. तो फोन मामांच्या घरी वीस वर्षं होता. आग? या मानकात करंट 350 मिलिअँपिअरपर्यंत, त्यापुढे स्विच स्वतःच तोडतो. बिल? पाच वॅटचा फोन महिनाभर अखंड चालला तरी साडेतीन युनिटच्या आसपास, आणि अडॅप्टरवर लावला म्हणून तो कमी खाणार नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. काही स्वस्त इंजेक्टर (लॅनच्या वायरीत वीज सोडणारे छोटे डबे) काहीही न चाचपता 24 किंवा 48 व्होल्ट सरळ सोडतात. तिथे भलतं यंत्र जोडलं तर जळू शकतं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही यासाठी घेऊ नये. पण मामांकडे यातलं काहीच नव्हतं. स्विच मानकातला, केबल शुद्ध तांब्याची.

आणि नुकसान कशाने झालं ते ऐका. परवा पावसात करंट गेला. यूपीएसवरचा स्विच चालू होता, पण अडॅप्टर साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर, त्यामुळे आठही फोन बंद. जांबोटीचा एक सभासद दवाखान्यात पैसे भरायचे म्हणून ठेवीवरच्या कर्जाची चौकशी करायला तासभर फोन लावत होता. शेवटी भर पावसात एस.टी.ने आला. काउंटरवर त्याचं पासबुक भिजून चिकटलेलं मी स्वतः पाहिलं.

मामा तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री फोन आला, “रविवारी येऊन ते अडॅप्टर काढून टाक बघू.”