मूळघर नसलेले गोंयकार

निज गोंयकार, म्हणजे अस्सल गोवेकर, कोण, हा वाद निवडणूक आली की पेटतो आणि ती सरल्यावरही विझत नाही. ‘पोगो’ (पर्सन ऑफ गोअन ओरिजिन), म्हणजे मूळ गोवेकराची व्याख्या करू पाहणाऱ्या विधेयकाने तो 1961 पूर्वीच्या आजोबांपर्यंत मागे नेला. मामलेदार कचेरीत तो पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यापाशी येऊन थांबतो. इंग्लंडमधल्या स्विंडन गावात बसून हे वाचताना एक गंमत जाणवते. पोर्तुगीज पासपोर्टावर इथे आलेल्या आपल्या माणसांना पाच वर्षं सलग राहिल्याच्या पुराव्यावर कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. इथले भायले, म्हणजे बाहेरचे, आम्हीच, पण आमचे आजोबा कुठे जन्मले हे कुणी विचारलं नाही.

या वादात एका लहानशा गटाचा हिशेब कुणी मांडत नाही: बालगृहात वाढलेली आणि अठरा पूर्ण झाली म्हणून बाहेर पडणारी मुलं-मुली. समजा, परप्रांतीय मजुराची मुलगी सातव्या वर्षी बालकल्याण समितीच्या आदेशाने गोव्यातल्या संस्थेत आली. अठराव्या वर्षी तिची गोव्यातली अकरा वर्षं भरतात. ती सगळी सरकारच्या देखरेखीखाली गेलेली, रोजच्या हजेरीत नोंदलेली. तरी सरकारी नोकरीच्या अर्जाला लागणाऱ्या दाखल्यात चार वर्षं कमीच पडतात. ही चार वर्षं तिने बाहेर भाड्याने राहून सिद्ध करायची, आणि बाहेरचा घरमालक बहुधा कागद करून देत नाही. पाळणारं सरकार आणि दाखला नाकारणारं सरकार एकच, हे कुठल्याच खिडकीवर कुणाला खटकत नाही.

कायदा नाही असं म्हणायची सोय नाही. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये अठरानंतर आर्थिक मदतीची तरतूद आहे. 2016 च्या आदर्श नियमांतला नियम 25 सांगतो की ही पश्चात देखभाल एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं, द्यावी. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली महिना 4,000 रुपये ठरलेत, तेही थेट तरुणाच्या खात्यात. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्यांसाठी केंद्राने 18 ते 23 दर महिन्याला रक्कम आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख असं ठरवलं, म्हणजे अठराव्या वर्षी कुणी पायावर उभं राहत नाही हे दिल्लीलाही मान्य आहे. ‘इतकी वर्षं पोसलं, आता पुरे’ हा सूर गोव्यात अजून ऐकू येतो, तो कायद्याच्या कितीतरी मागे आहे.

खरी गोची वेळापत्रकात आहे. नियमाप्रमाणे संस्था सोडण्याआधी दोन महिने प्रोबेशन अधिकारी किंवा केस वर्कर पुढच्या आयुष्याचा आराखडा समितीपुढे ठेवतो. दोन महिन्यांत काय होणार? जन्मदाखलाच नसेल तर वर्ष उलटून गेलेल्या जन्माच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तेवढ्यातच दोन महिने संपतात. इंग्लंडमध्ये हे काम सोळाव्या वर्षी सुरू होतं. सोळावा वाढदिवस झाला की तीन महिन्यांत गरजांची पाहणी, मग लेखी योजना, आणि दर सहा महिन्यांनी तिची उजळणी. सोबत एक नावानिशी नेमलेला सल्लागार असतो. 2018 पासून तो मागितल्यास पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळतो. शिवाय ज्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, वाढवलं तीच जबाबदार. पोर नंतर इंग्लंडात दुसऱ्या गावी राहायला गेलं तरी कौन्सिलला हात झटकता येत नाहीत, कारण कायद्याने तिला पालक म्हटलंय.

पण इंग्लंडचं सगळंच उचलू नये. इथे घर मांडायला कौन्सिलने 3,000 पाउंड द्यावेत असं सरकारचं मार्गदर्शन आहे, आणि पंचविशीपर्यंत भाड्याची मदत एका बेडरूमच्या स्वतंत्र घराच्या दराने मोजली जाते. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात एकोणीस वर्षांचं पोर चार भिंतींत एकटं, हाती पहिल्यांदाच वीजबिल, आणि युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचा पहिला हप्ता यायला पाच आठवडे. सल्लागाराने अठराव्या वाढदिवसाआधीच अर्जाची तयारी करून घेतली नाही, तर ते पाच आठवडे उधारीत जातात आणि भाड्याची थकबाकी तिथूनच सुरू होते. मग मित्र राहायला येतात, शेजारी तक्रार करतात, घर जातं.

त्यापेक्षा आपला नियम शहाणा आहे. त्यात सहा ते आठ जणांनी मिळून राहायच्या तात्पुरत्या घराची सोय सांगितली आहे. हिशेब करून बघा. 4,000 रुपयांत एकट्याला पर्वरीत किंवा म्हापशात धड खोली मिळणं मुश्किल. पर्यटकांना रात्रीच्या दराने देता येणारी खोली मालक महिन्याच्या दराने कशाला देईल? सहा जणांचे मात्र 24,000 होतात. त्यात समुद्रापासून आत, फोंडा-कुडचडेच्या बाजूला, बसस्टँडजवळ घर आणि चूल दोन्ही भागू शकतं. अडतं ते करारावर. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, डिपॉझिट, पोलिसांचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म, आणि ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न. म्हणून करार जिल्हा बाल संरक्षण कक्षाने किंवा त्याच्या यादीतल्या संस्थेने स्वतःच्या नावावर करावा आणि मुलांची नावं राहणारे म्हणून त्यात घालावीत. मालकाला भाड्याची हमी मिळते, आणि मुलांच्या हाती पत्त्याचा कागद येतो. हा कागद पुढे शिधापत्रिकेला लागतो, आणि त्या राहिलेल्या चार वर्षांच्या हिशेबालाही.

आणखी एक गोव्यापुरती गोष्ट. यातली बरीच पोरं हॉटेलच्या कामाला लागतात. ऑक्टोबरात सीझन सुरू होतो, पावसाळ्यात कामावरून कमी करतात. नोकरी लागली म्हणून डिसेंबरात मदत बंद केली, तर जुलैत ते पोर रस्त्यावर. इंग्लंडमध्ये कमाई वाढेल तशी युनिव्हर्सल क्रेडिटची मदत पाउंडामागे 55 पेन्सने उतरते, एका फटक्यात तुटत नाही. गोव्याने एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ. आणि घर चालवणाऱ्याने चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, विचार आधी करावा. अख्खा गोवा मूळघरी जातो, मेस बंद, बस रिकाम्या, आणि या सहा जणांना जायला घर नाही. त्या आठवड्यात दार उघडं आणि चूल पेटती हवी. इंग्लंडमध्ये अशा पोरांचा नाताळही असाच जायला घर नसलेला जातो.

दाखल्यापुरतं बोलायचं तर नवा कायदा लागत नाही. पासपोर्ट खात्याने डिसेंबर 2016 मध्ये ठरवलं की अनाथ मुलाकडे जन्माचा पुरावा नसेल तर संस्थाप्रमुखाने लेटरहेडवर लिहून दिलेली जन्मतारीख चालेल. परदेशी जायला जे पत्र चालतं, ते मामलेदाराकडे का चालू नये? संस्थेतली वर्षं हजेरीवरून थेट वास्तव्यात धरावीत, आणि अकरा-बारा वर्षं सरकारच्या ताब्यात काढलेल्याला उरलेल्या वर्षांची सूट द्यावी, एवढीच दुरुस्ती हवी.

तोवर जे हाती आहे ते तरी वेळेवर व्हावं. पाच वर्षांच्या वास्तव्यावर मिळणारं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोव्याच्या आरोग्यविम्याचं) कार्ड संस्थेत असतानाच काढून ठेवावं. बाहेर पडल्यावर पहिल्याच बाळंतपणात किंवा अपघातात त्याची किंमत कळते. मतदार नोंदणीचा फॉर्म 6 सतराव्या वर्षीच आगाऊ भरता येतो. पंधराव्या वर्षानंतर आधारचे ठसे नव्याने दिलेले आहेत का ते तपासावं, नाहीतर पैसे जमा व्हायच्या वेळी ओळख जुळत नाही. बँक खातं अज्ञान म्हणून उघडलेलं असतं, अठरा होताच नव्या सहीने केवायसी केली नाही तर व्यवहार अडतात, आणि दोन वर्षं हात लावला नाही तर खातं निष्क्रिय होतं. सगळ्यात हमखास राहणारी गोष्ट मात्र मोबाइल नंबरची. आधारला आणि बँकेला नंबर जोडलेला असतो संस्थेच्या अधीक्षकांचा, कारण तेव्हा पोराकडे फोनच नव्हता. पोर बाहेर पडतं, अधीक्षकांची बदली होते, आणि ओटीपी भलत्याच तालुक्यातल्या कुणाच्या तरी खिशात वाजत राहतो.